शाळेची चौकशी आणि मशिदीचा दाखला



जानेवारी उजाडला की आमच्या तालुक्याच्या गावात इशाच्या नमाजनंतर दोघे-तिघे तरुण बाप मशिदीच्या पायऱ्यांवर रेंगाळतात. चपला घालायला त्यांना उगाच वेळ लागतो. मग त्यांतला एक जण दबक्या आवाजात विचारतो, ‘‘मौलाना, चर्चच्या शाळेत मुलीला घातलं तर चालतं का?’’ त्याला जायज किंवा नाजायज असे एका शब्दात उत्तर हवे असते. काही वर्षांपूर्वी मी ते देतही असे. एखाद्याला हे, एखाद्याला ते. हल्ली मी उलट विचारतो, ‘‘तू ती शाळा पाहिलीस का?’’ बहुतेकांनी तिचे फाटकही ओलांडलेले नसते.

पाहिलेली नसते, पण ऐकलेली पुष्कळ असते. ऐकीव गोष्टी दोन जातींच्या. एक भीतीची : तिथे मुलांना छातीवर क्रूसाची खूण करायला शिकवतात, मोठेपणी ती आपली राहत नाहीत. दुसरी झगमगाटाची : तिथली मुले पहिल्याच वर्षी फाडफाड इंग्रजी बोलतात. पहिली ऐकणारा शाळेला दुरूनच नावे ठेवतो, दुसरी ऐकणारा प्रवेशासाठी वाटेल ते करायला तयार होतो. दोघांनीही तपास केलेला नसतो. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेली बातमी पडताळून पाहण्याची ताकीद आहे, नाहीतर नकळत एखाद्या समूहावर अन्याय होऊन पस्तावण्याची वेळ येईल, असे तिचे कारणही दिले आहे. ही आयत आपण मोबाइलवरच्या अफवांसाठी फार वापरतो. मुलांच्या शाळेसाठी कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला दोन नावे आठवतात. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःच शाळा काढल्या. बाबा पदमनजीही मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. एकाच प्रकारच्या शाळेतून दोन माणसे दोन वाटांनी गेली. तेव्हा शाळेच्या नावावरून मुलाचे भविष्य वाचू पाहणे व्यर्थ आहे. शिवाय ती शाळा एकोणिसाव्या शतकातली. आज आपल्या गावातली कशी आहे, हे आजच जाऊन पाहावे लागते.

आपल्या इतिहासात याहून जुना दाखला आहे. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा इ.स. ६१५ च्या सुमारास प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांना हबशाला जायला सांगितले. तिथला राजा ख्रिस्ती होता. प्रेषितांनी (स.) त्याच्या धर्माचा नव्हे, न्यायाचा हवाला दिला : त्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही. पुढे कुरैशचे दूत तिथे पोहोचले आणि हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांना दरबारात उभे राहावे लागले. त्यांनी सूरह मरयमचा भाग ऐकवला. दुसऱ्या दिवशी तर हजरत ईसांविषयी (अ.) तुम्ही काय मानता, असा नेमका अवघड प्रश्न आला. खरे सांगितले तर आश्रय जाण्याचा धोका होता. जाफर (रजि.) यांनी खरे तेच सांगितले. आजच्या भाषेत हीच प्रवेशाची मुलाखत म्हणा. दुसऱ्याच्या दारात आसरा मागताना आधी त्याची न्यायबुद्धी पारखावी आणि मग आपण कोण आहोत ते न लपवता आत जावे, इतके या प्रसंगातून मी घेतले आहे.

यंदा हा प्रश्न माझ्याच घरात आला. माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. चर्चची शाळा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. आपल्या अंजुमनची इंग्रजी शाळा रिक्षाने अर्ध्या तासावर. मी मुख्याध्यापिका सिस्टरांना भेटून वर्गात बसण्याची परवानगी मागितली. दाढी-टोपीचा माणूस दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला पाहून पोरांची हसून पुरेवाट झाली.

वर्गात बावन्न मुले होती. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिकसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले आहे. बाई उत्तम शिकवत होत्या, आवाज न चढवता. माझ्या शेजारच्या मुलाची वही मी मागून घेतली. अक्षर मोत्यासारखे, प्रत्येक पानावर बाईंची सही. मी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हटले, ‘‘वाच पाहू.’’ त्याला एकही शब्द वाचता आला नाही. फळ्यावरचे त्याने चित्रासारखे उतरवले होते. वाचकहो, शाळेचा दर्जा पाहायला गेलात तर पहिल्या बाकावरच्या मुलाला काही विचारू नका, तो कुठेही शिकतो. शेवटच्या बाकावरच्याची वही उघडा. ही गोष्ट मी सिस्टरांना सांगितली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मुलाचे नाव लिहून घेतले आणि अशा मुलांसाठी शाळा सुटल्यावरचा तास मध्यंतरी बंद पडल्याचे कबूल केले.

मराठीचा तासही पाहिला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, पण सक्ती आणि शिकवणे यांत अंतर असते. इथे ते फारसे नव्हते. स्वच्छतागृह पाहिले, पिण्याचे पाणी पाहिले, फाटकाबाहेर मुलांना घ्यायला आलेल्या आयांशी माझी पत्नी बोलली. मारतात का, हा तिचा पहिला प्रश्न. शिक्षिका किती वर्षे टिकतात, हा दुसरा.

मग धर्माचे. मी सरळ विचारले, सिस्टरांनी सरळ सांगितले. सकाळच्या प्रार्थनेत ईश्वराला हाक असते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्ती मुले चर्चमध्ये जातात, बाकीची वर्गात वाचत बसतात. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण असते त्या तासाला इतरांना नीतिशिक्षण. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे शासनमान्य शाळेत कोणाही विद्यार्थ्याला संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही, आणि मूल लहान असेल तर ही संमती पालकाची असते. तुम्ही गप्प राहिलात म्हणजे संमती दिली, असे होत नाही; तरीही जे नको ते जूनमध्येच, अदबीने, लेखी कळवावे. नाताळच्या नाटकाचे मी विचारले. आम्ही हजरत मरयम (अ.) आणि हजरत ईसा (अ.) यांचा आदर करतो, पण त्यांना ईश्वराचा पुत्र मानत नाही, तेव्हा माझ्या मुलीला त्यात घेऊ नये, असे म्हणालो. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, ‘‘असं सांगणारे तुम्ही पहिलेच. तुमच्याच मोहल्ल्यातल्या एक बाई मुलीला देवदूताचं काम मिळावं म्हणून दोनदा येऊन गेल्या.’’

यावर काय बोलणार?

आता प्रवेशाविषयी. इथे आपल्या लोकांची मोठी तक्रार अशी की चर्चची शाळा आधी ख्रिस्ती मुले घेते. घेते, आणि तिला तो अधिकार आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. याच कारणाने तिथे आरटीईच्या पंचवीस टक्के जागांची सोडत नसते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची वाट मोकळी केली, हे खरे. पण दरवर्षी कितीतरी आईबाप सोडतीच्या यादीत या शाळेचे नाव शोधत बसतात आणि अर्जाची मुदत घालवतात.

आणि हाच अनुच्छेद ३० आपल्या अंजुमनच्या शाळेच्या भिंतीलाही आधार देऊन उभा आहे. तिथे आपल्या मुलांना आधी घेतात तेव्हा आपण त्याला हक्क म्हणतो. इथे त्यांच्या मुलांना घेतले की पक्षपात. सूरह अल्-मुतफ्फिफीन घेताना पुरेपूर आणि देताना कमी मापणाऱ्यांविषयी आहे. हे माप फक्त धान्याचे, असे समजण्याचे कारण नाही. मी स्वतः या मापात दोषी आहे. अंजुमनच्या शाळेत दिवाळीपासून पहिलीच्या दोन शिक्षिका सोडून गेल्या, हे मला ठाऊक होते. विचारायला आलेल्या बापांना मी ते कधी सांगितले नाही. ‘आपली शाळा आहे’ एवढेच म्हणत आलो. चर्चच्या शाळेतली बावन्न मुले मात्र मी मोजली.

देणगीच्या नावाने पैसे मागणे १९८७ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, मग मागणारा कोणीही असो. आमच्या इथे मागितले नाही. मात्र न मागता पाकीट घेऊन जाणारे आमच्यात आहेत, आणि ते परत आल्यावर शाळेलाच नावे ठेवतात.

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे सांगावे की नाही, यावर मी बराच थांबलो. आपल्या चुका आपणच उघड्या करत फिरू नये, अल्लाहने झाकले ते झाकलेले राहू द्यावे, हे मी स्वतः मिंबरवरून सांगतो. पण ही चूक माझी खाजगी नाही. ती मशिदीच्या शिक्क्याने झाली.

ही शाळा बिगर-ख्रिस्ती मुलांच्या जागा देताना जवळ राहणाऱ्यांना आधी घेते. दोन वर्षांपूर्वी दोन कोसांवरच्या गावातला एक भला माणूस माझ्याकडे आला. भाडेपट्टा नव्हता, वीजबिल नव्हते. मशिदीच्या कागदावर ‘हे कुटुंब आमच्या मोहल्ल्यात राहते’ एवढे लिहून द्या, म्हणाला. मुलगी हुशार होती. मला दया आली. मी लिहिले, सही केली, शिक्का मारला. मुलीला प्रवेश मिळाला आणि त्या घरातून मिठाई आली. ती आम्ही खाल्ली.

त्याच वर्षी मशिदीमागे राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या मुलाला जागा संपल्या म्हणून परत पाठवले होते. हे मला तेव्हा कळले नाही. यंदा फाटकाबाहेरच्या गप्पांत पत्नीला कळले. माझ्या कागदामुळेच त्याची जागा गेली, असे मी सिद्ध करू शकत नाही. गेली नाही, असेही म्हणू शकत नाही. महापापे सांगताना टेकून बसलेले प्रेषित (स.) सरळ होऊन बसले आणि खोट्या साक्षीचा उल्लेख पुन्हा पुन्हा करत राहिले, ही हदीस मी कितीदा वाचून दाखवली आहे. मला नेहमी वाटे, खोटी साक्ष म्हणजे कोर्टातली.

फिकहचा नियम सांगतो की माणसाच्या हक्काबाबत नुसती तौबा पुरत नाही. हक्क परत द्यावा किंवा त्याची माफी मिळवावी. परत काय देऊ? सिस्टरांना जाऊन सांगितले तर त्या मुलीच्या शाळेवर गदा, आणि तिचा तर काडीचा दोष नाही. एका मुलाचे नुकसान भरायला दुसऱ्याचे करावे, हे मला पटले नाही. न सांगावे तर शाळेची फसवणूक चालूच. शेवटी मी मुलीच्या बापाला बोलावून सांगितले की मी यापुढे असा कागद देणार नाही आणि दिलेल्याबद्दल शाळेने विचारले तर खरे सांगेन. सिस्टरांना एवढेच म्हणालो की मशिदीच्या दाखल्यावर विसंबू नका, घर पाहून खात्री करा. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि काही विचारले नाही. हे पुरेसे आहे का? माझ्या उस्तादांना विचारले तेव्हा तेही लगेच हो म्हणाले नाहीत.

रिक्षावाल्याकडे मी मगरिबनंतर गेलो. सगळे सांगितले. तो रिक्षाची काच पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, ‘‘माफ केलं, मौलाना. पण तुम्ही दोन शाळा बघून आलात म्हणे. माझा पोरगा जातो ती बघितली नाही.’’

नगरपरिषदेची शाळा. माझ्या चौकशीत ती आलीच नव्हती; तिच्यासाठी कोणी पायऱ्यांवर रेंगाळत नाही.

मी शनिवारी गेलो. दुसरीत एकतीस मुले, एकच बाई. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. रिक्षावाल्याचा मुलगा खिडकीशी बसला होता. बाईंनी सांगितल्यावर त्याने बालभारतीचा एक धडा मला वाचून दाखवला. एका जोडाक्षरावर अडला, बोटाने ते पुन्हा चाचपले आणि पुढे गेला.

घरी येऊन पत्नीला सांगितले. तिन्ही शाळांची टिपणे आता तिच्यापुढे आहेत, चर्चच्या शाळेचा अर्जही. धर्माच्या रकान्यात इस्लाम, पत्त्यात आमचा पत्ता, बाकी कोरे. ती म्हणाली, ‘‘सोमवारी मी जाऊन बघते ती शाळा. तुम्ही तोवर नगरपरिषदेत जाऊन त्या कडीचं बोलून घ्या. आपली मुलगी तिथे जावो न जावो.’’