सव्वाआठ फुटांची वाट

लोहाऱ्यात घोडा दिसतो तो वरातीत. नवरदेव उतरला की घोडा टेम्पोत चढतो आणि दारव्हा रोडने पुढच्या लग्नाला निघतो. रस्त्याशी त्याचा संबंध डीजेच्या मागे अर्धा किलोमीटर, तेवढाच. त्यामुळे माथेरानच्या घोडेवाल्यांवर लिहितोय म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, ‘तुला काय घेणंदेणं?’ घेणंदेणं आहे, पण ते आमच्या पांदणीमुळे.

यवतमाळ वाढत वाढत लोहाऱ्याला येऊन भिडलं. एमआयडीसी आली, प्लॉट पडले, वावरांच्या जागी कॉलन्यांच्या कमानी उभ्या राहिल्या. तरी मागच्या अंगाला शिवार शिल्लक आहे आणि शिवारात शिरणारी पांदण आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात. दोन्हीकडे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, आणि मधून भरली बंडी जाईल एवढी जागा, अशी तिची साधी रचना. ती कुणी एका रात्रीत गिळत नाही. धुऱ्यालगतचा माणूस वखर फिरवताना हात जरा बाहेर टाकतो, पुढच्या साली आणखी एक तास. मग धुऱ्यावरची बाभूळ वाटेत झुकते, ती कुणी छाटत नाही, कारण छाटणारा भांडखोर ठरतो. शेवटी काटेरी तार येते. आमच्याकडच्या तारेत मधल्या पदराला एका जागी चिंधी गुंडाळली आहे. वेचणीला जाणाऱ्या बायांनी ती बांधली. तिथे हात ठेवला की काटा लागत नाही. एक बाई पदर वर धरते, बाकीच्या वाकून पलीकडे जातात. चिंधीचा रंग दर हंगामात बदलतो, म्हणजे कुणीतरी ती आठवणीने नवी बांधतं.

गावनकाशात ही पांदण आहे. तुटक रेषांची ती भाषा एकदा समजली की नकाशा वाचायचं वेड लागतं. महसुली परिपत्रकांत गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट दिली आहे आणि पायमार्गाची ८.२५ फूट. सव्वाआठ फूट हा आकडा असा विचित्र का? तर मोजणीची साखळी ३३ फुटांची. अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा, पाव साखळी म्हणजे सव्वाआठ. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, आपला गुंठा. ज्या साखळीने तुमची जमीन मोजली, तिच्याच पाव तुकड्याने परक्याची पायवाटही मोजली. मालकी आणि वाट एकाच मापाची लेकरं आहेत. आज एकीसाठी लोक रक्त सांडतात आणि दुसरीसाठी अर्ज लिहायलाही कुणी बसत नाही.

अर्ज लिहायची सोय मात्र आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून नवी वाट मागता येते. असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने! पेरणीच्या चिखलात वाट बंद झाली तर कापसाची उलंगवाडी होईपर्यंत माणूस ‘बोलून पाहू’ म्हणतो आणि तेवढ्यात मुदत सरते. पण मुदतीपेक्षा मला खटकते ती कागदाची मांडणी. एक अर्जदार, एक गैरअर्जदार. वाट शंभर जणांची, भांडण मात्र दोघांचं आणि बहुधा भाऊबंदांचं. बाकीचे अठ्ठ्याण्णव बांधावरून बघत राहतात. अर्जदार जिंकला तर सगळे त्याच वाटेने जातात, हरला तर ‘कशाला नादी लागला’ म्हणतात.

इथे मला माथेरानचे घोडेवाले आठवतात, कारण ते न्यायालयात एकेकटे गेले नाहीत. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये वर चढला आणि डोंगराचं थंड हवेचं ठिकाण झालं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. पण डोंगरावर फिरायचं ते पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षात. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ मध्ये केंद्राने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, तेव्हा या जुन्या शिरस्त्याला कायद्याचं बळ आलं. सुमारे साडेचारशे घोडे आणि त्यांच्यावर जगणारी घरं. त्या वाटांचा एक इंचही या घोडेवाल्यांच्या नावावर नाही. हक्क आहे तो रोज तिथून जाण्याचा, बस.

मग लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसू लागले. धूप थांबावी, धूळ बसावी हा हेतू, आणि तो खोटा नव्हता. पण घोड्याच्या टापेखाली काय होतं ते घोडेवाल्यालाच ठाऊक. जांभ्याच्या मातीत नाल रुतते, पकड घेते. गुळगुळीत ब्लॉकवर, त्यात उतार आणि पावसाचं पाणी, तीच नाल सरकते. घोडा पडला की पाठीवरचा पर्यटक पडतो आणि घोड्याचा पाय गेला तर घराचं उत्पन्न गेलं. अश्वपाल संघटनांनी हे सर्वोच्च न्यायालयात नेलं. ब्लॉकचं काम थांबलं, तज्ज्ञांची मतं मागवली गेली. हे मला मोठं वाटतं. वाटेचा पृष्ठभाग कसा असावा हे ठरवताना तिच्यावरून जाणाऱ्या जनावराची बाजू देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मांडली गेली! आमच्या पांदणीवर खडी टाकताना बैलाच्या खुराचा विचार केलेला मी पाहिला नाही. मोठी खडी टाकतात, वर मुरूम पडत नाही, आणि ट्रॅक्टर खुशाल जातो, पण बैल लंगडत चालतो.

इथवर मी घोडेवाल्यांच्या बाजूचा. पुढे गोष्ट अवघड होते आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

माथेरानात माणूस माणसाला ओढत होता. चढावर, पावसात, पुढे एक आणि मागून ढकलणारे. या हातरिक्षावाल्यांनी ई-रिक्षा मागितली. २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात मोजक्या ई-रिक्षा धावू लागल्या. शाळेची मुलं, म्हातारी माणसं, दवाखान्यात न्यायचे पेशंट यांना पहिल्यांदाच स्वस्त वाहन मिळालं. घोडेवाल्यांनी या ई-रिक्षांनाही विरोध केला. आज सात रिक्षा आल्या, उद्या सत्तर येतील, मग मोटारी येतील आणि डोंगराचं डोंगरपण जाईल, हे त्यांचं म्हणणं. ते अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. पण त्याच्या पोटात दुसरं वाक्य दडलेलं आहे: या वाटेवर आमचा धंदा आहे, तुम्ही येऊ नका. मार्च २०२५ मध्ये माथेरान बंद झालं ते वेगळ्याच तक्रारीवर. दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन घोड्यावर बसवलं जातं, असा आरोप गावातल्याच लोकांनी केला. वाट उघडी राहावी म्हणून जे एकत्र आले, त्यांच्यावरच वाटेच्या तोंडाशी उभं राहून अडवल्याचा ठपका आला.

६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. पीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आमच्या शेजारच्या अमरावतीचे. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन ई-रिक्षा देऊन करा, असा आदेश झाला. ब्लॉकचं असं ठरलं की दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ते बसवावेत, पण खाली काँक्रीटचा थर नको, आणि आतल्या वाटांवर ब्लॉक नकोतच. म्हणजे मुख्य रस्ता चाकाला आणि आतल्या मातीच्या वाटा टापेला. मला ही वाटणी न्याय्य वाटते. पण ती घोडेवाले आणि रिक्षावाले यांनी एका कट्ट्यावर बसून केली असती तर अधिक बरं झालं असतं. दोघांच्याही नावावर तिथली जमीन नाही. दोघांचाही हक्क एकाच जातीचा, चालण्याचा.

परदेशातही घोडेस्वारांच्या संघटना आहेत, आणि त्यांच्या दोन तऱ्हा मला शिकण्यासारख्या वाटतात. इंग्लंडमध्ये घोडवाट हा कायद्याने वेगळा नोंदवलेला प्रकार आहे. १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायचे ठरले. २००० च्या कायद्याने तंबी दिली की जुन्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर चढवा, नाहीतर हक्क गेला. मग ब्रिटिश हॉर्स सोसायटीचे लोक, त्यांत निवृत्त माणसं पुष्कळ, जुने नकाशे आणि दस्तऐवज उघडून बसले. पुढे ही मुदत २०३१ पर्यंत वाढली आणि २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ती अटच काढून टाकण्याचं जाहीर केलं. अमेरिकेत मोंटाना राज्यात १९७३ मध्ये ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ सुरू झाली. तिचे लोक करवती आणि कुऱ्हाडी खेचरांवर लादून जंगलात जातात आणि पडलेली झाडं वाटेवरून बाजूला करतात. ती वाट पायी फिरणाऱ्यांनाही मोकळी होते. हक्क सांगायचा तर आधी श्रमदान, अशी ही तऱ्हा. आपल्याकडे पोळ्याच्या आधी पांदण साफ करायची रीत होती असं म्हातारे सांगतात. आता बैलच कमी, मग पोळ्याला तोरणाखाली ट्रॅक्टरही उभे राहतात.

बैल गेले ही मोठीच गोष्ट आहे. वहिवाट या शब्दात वाहणं आहे आणि वाट आहे. जो वाहतो त्याची वाट. यवतमाळच्या वाटा शेतमालकांनी पाडल्या असं कुणी समजू नये. रेल्वेच्या आधी बंजाऱ्यांची लदेणी इथून जायची. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन फिरत, आणि वऱ्हाडचा कापूस अशाच पाठींवरून पार मिर्झापूरकडे जाई. त्या बंजाऱ्यांच्या नावे वाटेवरचं एकही वावर नव्हतं. वाटेच्या हक्कासारख्या गावाच्या रूढी एका कागदात लिहून ठेवल्या जात, त्याचं नाव वाजिब-उल-अर्ज. फारसीतून आलेला शब्द आहे, पण १९६६ च्या संहितेत कलम १६५ मध्ये तो आजही बसलेला आहे. रस्त्याचा हक्क त्यात गावाचा म्हणून लिहायचा असतो, कुणा एका गटाचा म्हणून नाही.

सरकारी योजना दुसऱ्या टोकाने आली. २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आली. २०२५ च्या मे महिन्यात शासनाने ठरवलं की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी. मी याचं स्वागत करतो. यंत्रं मोठी झाली, हार्वेस्टर काही सव्वाआठ फुटांतून जात नाही, आणि सातबाऱ्यावरची ओळ पुसायला वखर पुरत नाही. पण शब्द कसा बदलला ते पाहा. पांदणीचा शेतरस्ता झाला. पांदण कुठून कुठेही जाते. शेतरस्ता शेताकडे जातो, म्हणजे शेतमालकाकडे. मागणारा सातबारावाला, अडवणारा सातबारावाला, नोंदही सातबाऱ्यावर. गुरं घेऊन जाणारा गुराखी, सरपणाची मोळी आणणारी बाई, निंदण-वेचणीला जाणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, पलीकडच्या तांड्यावरून शाळेत येणारी पोरं यांच्या पावलांनी ती वाट आजही वहिवाटीत राहिली आहे, आणि त्यांतल्या कुणालाही ‘इतर हक्क’ हा रकाना ओळखत नाही. ट्रॅक्टर वर्षातून पंधरा-वीस दिवस जातो. बाया हंगामभर रोज जातात.

म्हणून मी आमच्या पांदणीचा अर्ज एका नावाने न करता साऱ्यांच्या सह्यांनी करायचं मनावर घेतलं. मालकांच्या सह्या दोन दिवसांत आल्या, कारण तार त्यांच्याही ट्रॅक्टरला नडत होती. मग संध्याकाळी तारेपाशी जाऊन उभा राहिलो. बाया वेचून परतत होत्या, डोक्यावर गाठोडी. एकीने चिंधीवर हात ठेवून तार उचलली, बाकीच्या निघाल्या, शेवटी तिने गाठोडं आधी सरकवलं आणि मग स्वतः वाकली. मी कागद पुढे केला. अर्जाच्या नमुन्यात नावापुढे गट क्रमांकाचा रकाना होता.

‘काकू, कोण्त्या गटात वावर हाये तुमचं?’ माझ्या तोंडून सवयीने गेलं.

‘माह्यं कुठचं वावर, बापू.’

रकाना रिकामा ठेवला तर चालेल का, हे मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात तिनेच एक नंबर सांगितला, अगदी घडाघडा. मजुरीच्या हिशेबाच्या वेळी रोज ऐकून पाठ झालेला. मी लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. तो ज्याने तार मारली त्याच्या वावराचा नंबर होता. ती त्याच्याकडेच वेचायला जात होती.