स्वाक्षरीच्या बदल्यात प्रश्न

आमच्या गंगाखेडात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच. उन्हाळ्यात तिचे पात्र आटते, वाळू उघडी पडते, आणि वीज गेलेल्या रात्री त्या वाळूवर बसले की डोक्यावरून दुसरी गंगा वाहताना दिसते. अशा वेळी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवतात, कदाचित त्यांचे बालपणही गंगाकाठी, काशीत सरले म्हणून. ज्याची बुद्धी विश्वाच्या आरंभाशी झुंजत होती, त्याला दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी लिहावेसे का वाटले असेल, हा विचार मनात घोळत राहतो.

त्याचे एक उत्तर मला काशीतल्या त्या घराच्या भिंतीवर सापडते. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात मुलांसाठी फळे लावलेले. मोरूमामा हुजूरबाजार तिथे मुक्कामाला आले, की फळ्यावर भाच्याला आव्हान देणारे एखादे गणित लिहून ठेवीत. भाच्याने ते सोडवेपर्यंत, किंवा हार मानेपर्यंत, ते पुसायचे नाही. जेवायला जाताना, झोपायला जाताना, सकाळी उठल्यावर ते गणित समोर उभे. उत्तरे मुलांना चहूकडून मिळत असतात. न सुटलेल्या प्रश्नाचा असा घरच्या माणसासारखा सहवास मात्र फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि ज्याला तो लाभला त्याला पुढे तो वाटून टाकावासा वाटणे मला स्वाभाविक वाटते.

केंब्रिज, फ्रेड हॉइल यांचे शिष्यत्व, 1964चा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, 1972 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू होणे, हे सर्वश्रुत आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. आपली आद्याक्षरे उलटी करून केलेले ते नाव. कीर्ती बाजूला ठेवून शब्दांची परीक्षा द्यायची ही तयारी मला फार मोलाची वाटते, कारण मुलांसाठी लिहिणाऱ्याला ती परीक्षा रोजच द्यावी लागते. मुलाला पद्मभूषण ठाऊक नसते. पहिल्या परिच्छेदात कंटाळा आला की ते पुस्तक मिटते.

मुले स्वाक्षरीसाठी गराडा घालीत, तेव्हा नारळीकर त्यांच्या वहीवर सही करीत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, म्हणत. उत्तराखाली माझी सही येईल. पोस्टकार्डाची ती मूठभर जागा! तिथे पाल्हाळाला वाव नाही, समीकरणाआड लपायला आडोसा नाही. जे स्वतःला स्वच्छ उमगले आहे तेवढेच तिथे मावते. महास्फोटाच्या सिद्धांताविषयी शंका बाळगून हा माणूस आयुष्यभर अल्पमतात राहिला. सर्वमान्य गोष्टीला ‘पण का?’ विचारण्याचे एकाकीपण त्याने अनुभवले होते. मग एखाद्या पोराचा ‘पण का?’ त्याला पोरकट कसा वाटावा?

गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता त्या बाईने अनंताशी बोलणे केले, आणि जात्याजवळची मराठी त्यासाठी उणी पडली नाही. नारळीकरांचा मार्ग वेगळा, श्रद्धेपेक्षा तर्काचा. तरी विश्वाचा विस्तार घरातल्या भाषेत, मुलाच्या उंचीला बसून सांगता येतो, हा विश्वास मला दोघांत दिसतो. नारळीकरांच्या पत्नी मंगलाताईंनी ‘गणितगप्पा’ लिहिल्या त्याही याच विश्वासावर. अशा लेखनाला विद्वत्तेचा फावला वेळ समजणे मला अन्यायाचे वाटते.

20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. आमच्या शाळांतून प्रश्नपत्रिका अजून वरून छापून येते आणि मुलांनी फक्त उत्तरे लिहायची असतात. घाटाचा दगड काळा का, असे गोदाकाठच्या एखाद्या मुलीच्या मनात येतच असेल. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापर्यंत तिला नेणारा तो प्रश्न लिहायला वर्षातून एकदा तरी तिच्या हाती कोरे पोस्टकार्ड द्यावे, आणि उत्तर देणाऱ्याने खाली आपली सही करावी.