न दिलेले घेणे

चोरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुलूप तोडणारा माणूस येतो. आपल्या आचार्यांनी मात्र कुलपाचा विचारच केला नाही. अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, ही त्यांची चोरीची व्याख्या. ऐकायला सोपी वाटते. पण ती बाजारात नेऊन पाहिली की अवघड होते, कारण बाजारात सगळे पैसे आपण आपल्याच हाताने देतो. मग हाताने दिलेले ते सगळे ‘दिलेले’ असते का?

पेडण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा मोपाच्या विमानतळावर कामाला लागला. जानेवारी २०२३मध्ये तिथून विमाने सुटू लागली आणि आसपासच्या गावांतल्या पोरांना रात्रपाळ्या आल्या. रात्री दोन वाजता कुठली बस? मोटारसायकल हवीच. बाईंनी बचत गटातून पैसे उचलले. दसऱ्याच्या आधी शोरूममध्ये गेल्यावर किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा याखाली आणखी एक ओळ निघाली: हँडलिंग चार्ज, अडीच हजार. बाईंनी विचारले, “हा कसला?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “तो सगळ्यांनाच असतो, काकी.”

आता हा चार्ज कसला ते पाहू. रस्ता कर राज्य सरकारला जातो. नोंदणीची मूळ फी केंद्राच्या नियमांप्रमाणे दुचाकीला ३०० रुपये आहे. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण तो शोरूममधूनच घ्या, अशी सक्ती मात्र कुणाला करता येत नाही. हँडलिंग चार्ज नावाचा सरकारी कर कुठेच नाही. गाडी गोदामातून काउंटरपर्यंत आणण्याचा खर्च म्हणे! आपला किराणावाला तांदळाचे पोते मागच्या खोलीतून पुढे आणतो, त्याचे वेगळे पैसे लावतो का?

आमच्या समाजातले एक दुकानदार यावर म्हणाले, “वहिनी, गाडीमागे सुटतं ते किती? जागेचं भाडं, पोरांचे पगार कुठून काढायचे?” त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. नफा घेणे हे पाप नाही. गृहस्थाला व्यापार सांगितलेलाच आहे. डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजीर म्हणतात, तिथे जुन्या जैन मंदिराचे अवशेष आजही आहेत. या भूमीत आपली माणसे फार पूर्वीपासून वावरली आहेत आणि त्यांतले बरेच जण व्यापारच करीत असतील. पण नफा नफ्याच्या नावाने घ्यावा. सरकारी रकमांच्या रांगेत तो बसवला की गिऱ्हाईक त्याला कर समजून देते. मग त्याने दिले ते कराला, आणि घेणाऱ्याने घेतले ते स्वतःला.

सत्य अणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितला आहे. एकाने दुसऱ्याकडे ठेव ठेवली. परत मागताना तो आकडा विसरला आणि कमी रक्कम बोलला. ठेव सांभाळणारा म्हणाला, “हो, तेवढीच होती,” आणि तेवढी दिली. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपण गप्प बसून जे मिळवतो, ते आचार्यांनी निर्दोष मानले नाही. शोरूममधली ती ओळ याच जातीची आहे.

आपल्या बायकांना अगदी जवळची गोष्ट सांगते. मागच्या चाकात साडी, ओढणी अडकू नये म्हणून निम्मे तरी चाक झाकणारे आवरण, मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड आणि पाय टेकायला जागा, हे मोटारसायकलला असलेच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. विक्रीच्या वेळी हेल्मेट द्यावे, असेही त्याच नियमांत आहे. तरी साडी गार्ड ‘अ‍ॅक्सेसरीज’मध्ये दाखवून वेगळे पैसे मागितले जातात, आणि आपण हौसेची वस्तू समजून ते देतो.

पण बोट एकाच बाजूला दाखवून चालणार नाही. राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे हा अचौर्याचाच अतिचार आहे. राहायचे पत्रादेवीच्या पलीकडे आणि कर वाचवायला गोव्यातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी नोंदवायची, असे सल्ले आपल्याच घरांत चहाबरोबर दिले जातात. शोरूमवाल्याला अडीच हजारांचा जाब विचारायचा, तर हा सल्लाही बंद व्हायला हवा.

त्या बाईंचा मुलगा म्हणत होता, शुभकार्यात कटकट नको. बाई शांतपणे एवढेच म्हणाल्या, “पक्क्या बिलावर ही ओळ लिहून दे, मी देते.” मुलगा आत जाऊन आला आणि त्याने ती ओळ खोडली. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. विचारणाऱ्याला जो चार्ज माफ होतो, तो गाडीवर नसतोच; तो न विचारण्यावर असतो. आणि न विचारणारी कोण? जिला मराठीत सही येते पण इंग्रजी बिल वाचता येत नाही ती, जिच्या मागे कर्जाची घाई आहे ती. म्हणजे जिच्याजवळ कमी, तिच्याकडूनच जास्त.

आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः करणे, करवणे आणि होणाऱ्याला मान हलवणे. माहीत नसताना दिले त्यात दोष नाही. पण कळल्यावरही “जाऊ दे, अडीच हजारांनी काय होतंय” म्हणून देणे म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा आपल्यावरच्या अन्यायाची करता येते. आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या वतीने ती करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तेव्हा न भांडता, आवाज न चढवता विचारावे: हे कशाचे, कोणत्या नियमाने, आणि पक्क्या बिलावर येईल का? पोराची पहिली गाडी घेताना पूजेचा नारळ जसा आठवणीने नेतो, तसेच हे तीन प्रश्नही बरोबर न्यावेत.