असल आणि नक्कल

असल आणि नक्कल हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. ‘अस्ल’ म्हणजे मूळ. ‘नक्ल’ म्हणजे एका जागचे दुसऱ्या जागी नेणे, उतरवून घेणे. म्हणजे नक्कल हा शब्द जन्मतः गुन्हेगार नाही. तख्तीवर मूल उस्तादांच्या अक्षराची नक्कल करते, त्याला आम्ही शिक्षण म्हणतो. परीक्षेत तेच मूल शेजाऱ्याचे उत्तर उतरवते, तेव्हा ती फसवणूक ठरते. हात तोच, लेखणी तीच. मग खोटेपणा नेमका शिरतो कोठून?

जुन्या घड्याळांच्या बाजारात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरात मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही नावे घरोघरी पोचली. रोज चावी द्यावी आणि निर्धास्त राहावे, असा तो काळ. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला आणि जुन्या घड्याळांची ओढ वाढली. इटियाडोहसारख्या धरणाकाठच्या गावातला तरुणही आता मोबाइलवर ‘पायलट’ शोधतो. वस्तू हातात घेता येत नाही. दिसते ते फक्त चित्र.

अशा वेळी काय पाहावे? तबकडीवरची अक्षरे बारीक व रेखीव आहेत, की जाड व पसरलेली? काटे आणि तबकडी सारखेच वयस्क दिसतात, की एक म्हातारा आणि एक तरुण? मागचे झाकण उघडून आतल्या यंत्राचे चित्र विक्रेता पाठवतो का? नारिंगी, हिरव्या, भडक तबकड्यांची कितीतरी घड्याळे पुन्हा रंगवलेली असतात.

पण रंगवणे हेच पाप आहे काय? आमच्या मते नाही. तुटलेली स्प्रिंग बदलली, चावी दुसरी बसवली, तर ती दुरुस्ती. घड्याळ चालते राहावे म्हणूनच कारागीर असतो. तबकडी रंगवून ‘रंगवली आहे’ असे सांगितले, तर तोही सरळ व्यवहार. तीच तबकडी ‘जशीच्या तशी, पन्नास वर्षांची’ म्हणून विकली, की त्या एका वाक्यात खोटे शिरते. खोट धातूत नसते, बयानात असते. मालातला दोष सांगूनच माल विकावा, ही ताकीद आमच्या धर्मानेही व्यापाऱ्याला दिलेली आहे.

मात्र सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्याला वस्तू जुनी हवी असते, पण तिच्यावर एकही ओरखडा नको असतो. शिवाय ती स्वस्तही हवी असते. या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. तरी मागणी थांबत नाही, म्हणून कोणीतरी रंगाचा डबा उघडतो. नकली माल बनतो कारखान्यात, पण त्याची मागणी आपण नोंदवलेली असते.

म्हणून घेणाऱ्याने विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : यात काय काय बदलले आहे? जो न बिचकता यादी देईल, त्याचे डागाळलेले घड्याळ घ्यावे. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याच्या चकचकीत घड्याळाकडे मात्र पुन्हा एकदा नीट पाहावे, आणि तेवढ्याच नीटपणे आपल्या हव्यासाकडेही.