लागलेली तार, अडलेली तार

परवा संध्याकाळी भाची गिटार लावत बसली होती. आठवीतली मुलगी, शिकायला लागून जेमतेम तीन महिने झालेत. मोबाइलवरचा ट्यूनर समोर ठेवून ती तिसऱ्या तारेशी झटत होती. तार आवळायची की थोडी पिळली, काटा हलेना. आणखी पिळली, तरी हलेना. मग वरून 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि काटा हिरव्या पट्ट्याच्या पार पलीकडे जाऊन बसला. तिनं की उलटी फिरवली. पुन्हा तेच. आधी काही नाही, मग टिंग, आणि तार एकदम उतरलेली. पाचव्या-सहाव्या खेपेला दिवा हिरवा झाला. तिनं दोन मिनिटं गाणं वाजवलं आणि ती तार परत उतरली.

"मामा, आत्ता तर हिरवा होता. दिवा खोटं बोलतो का?"

दिवा खरं बोलत होता. तार त्या क्षणी त्या सुरावर होती. तरीही ती लागलेली नव्हती. हा फरक तिला सांगायला गेलो आणि लक्षात आलं, की तो मलाही नीट मांडता येत नाही.

गिटार हाताळणाऱ्यांना हा टिंग परिचयाचा आहे, आणि त्यावरचा दुकानातला ठरलेला सल्लाही: "कीज गेल्यात, सेट बदलून टाका." बहुतेक वेळा कीचा दोष नसतो. फिरवलेला पीळ की तारेला देते, पण तो पुढे पोचत नाही. जिथं मान संपते आणि डोकं सुरू होतं, तिथं हाडाची किंवा प्लास्टिकची आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिच्यात सहा खाचा असतात आणि प्रत्येक तार आपापल्या खाचेतून वळण घेऊन कीकडे जाते. म्हणजे तार एक असली तरी तिचे भाग दोन. नटापासून खालच्या घोडीपर्यंतचा, म्हणजे ब्रिजपर्यंतचा, वाजणारा भाग आणि नटामागचा, कीपर्यंतचा मुका भाग. आपण ताण देतो मुक्या भागाला आणि ऐकतो वाजणारा भाग. खाचेत तार सरकली तर दोन्हीकडचा ताण जवळपास सारखा होतो. ती अडली, तर मागे ताण साठत राहतो, पुढे काहीच कळत नाही, आणि एका क्षणी तार सुटते. सुटलेल्या तारेचं घर्षण अडलेल्या तारेपेक्षा कमी असतं, म्हणून ती हवी तिथं न थांबता उडी मारते. तोच टिंग.

हे किती मोठं असू शकतं याचा हिशेब करता येतो. नावाडी दोराचे दोन-तीन वेढे खुंट्याला देऊन भरलेली होडी एका हातानं धरतो, त्यामागचं गणित ऑयलरच्या नावानं ओळखलं जातं. वळणाचा कोन आणि घर्षण मिळून ठरतं, की दोरीच्या दोन टोकांच्या ताणांत किती फरक टिकेल. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारीचं डोकं मागे सुमारे १७ अंश कललेलं असतं. घर्षणगुणांक ०.२ धरला, तर एवढ्याशा वळणावर ताणातला सहा टक्के फरक मुकाट धरला जाऊ शकतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे सुरात तीन टक्के. एका फ्रेटचं, म्हणजे मानेवरच्या एका पडद्याचं, अंतर साधारण सहा टक्क्यांचं. अर्धा फ्रेट खाचेत दडून बसू शकतो! आणि खाच अरुंद असेल, तारेला दोन्ही बाजूंनी चिमटत असेल, तर त्याहूनही जास्त. तीन-तीन कीज दोन बाजूंना असलेल्या डोक्यावर मधल्या तारा बाजूलाही वळतात, म्हणून तिसरी आणि चौथी जास्त छळतात. गिटार घडवणाऱ्या लिओ फेंडरनं १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहाही कीज एका रांगेत आणि तारा सरळ ठेवल्या, त्याचा हा एक मोठा फायदा.

तर माझा फरक असा. स्थिर असणं दोन प्रकारचं असतं. एक, दोन्ही बाजूंचे ताण जुळले म्हणून आलेली स्थिरता. दुसरी, मध्ये काहीतरी अडकलंय म्हणून दिसणारी स्थिरता. बाहेरून दोन्ही सारख्याच. दोन भावांत वाटणीचा विषय वर्षभर निघाला नाही, म्हणून तो मिटला असं कुणी जाणता माणूस म्हणणार नाही. ट्यूनर फक्त वाजणारा भाग ऐकतो. मुक्या भागात काय साठलंय ते त्याला दिसत नाही.

इथं माझं माझ्या सरांशी जुनं भांडण आहे. ज्यांच्याकडे मी गिटार शिकलो, ते एकच नियम सांगत: "तार नेहमी खालून वर आणायची. सूर पुढे गेला, तर आधी पुरता उतरव आणि मग चढव. वरून खाली आणून ठेवलेली तार दगा देते." मी म्हणायचो, "सर, नट घासून घेऊ या ना, मग हे करावंच लागणार नाही." ते म्हणायचे, "नट बघत बसू नकोस, हात बघ." मला वाटायचं, ही दोषावर पांघरूण घालायची रीत आहे. दरवाजा पावसाळ्यात फुगून अडतो, तर घरातल्या सगळ्यांना तो खांद्यानं ढकलायला शिकवायचं, रंधा मात्र मारायचा नाही. साधनातला दोष साधनातच काढावा, माणसाच्या सवयीवर लादू नये, हे मी अजूनही मानतो.

माझ्या बाजूनं एक मोठा साक्षीदारही होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉइड रोझ या गिटारवादकानं अशी यंत्रणा केली, की तार लावून झाली की ती नटावर स्क्रूनं घट्ट आवळायची. खाचेतून सरकणंच बंद. बारीक जुळणीसाठी ब्रिजवर छोटे स्क्रू नंतर आले. मला यातून नियमच सापडल्यासारखं वाटलं होतं. एक तर पुरतं सोडा, नाहीतर पुरतं धरा. सगळा घोळ अर्धवट धरण्यात आहे.

मिरजेला याच विचाराला आणखी बळ मिळालं. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते काम शिकलगार घराण्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. मूळची ही शस्त्रांना धार लावणारी मंडळी. एका कारखान्यात दुपारभर बसलो होतो. कारागीर घोडीवर कानस दोन-तीन वेळा फिरवायचा, फुंकर मारायचा, तार पुन्हा वर चढवून छेडायचा, ऐकायचा, परत तार बाजूला. जवारी, म्हणजे घोडीचा तार टेकते तो पृष्ठभाग, अशी कानानं घासली जाते. तेवढ्यात एक खुंटी सुटत होती, तर त्यानं ती बाहेर काढली, खडू चोळला आणि दाबून परत बसवली. खुंटीला दातेरी चक्र नाही, लाकूड लाकडाला घासतं म्हणूनच ती धरते. तिथं घर्षण कमी पडलं तर तंबोरा लागणारच नाही. पण सूर बारीक जुळवायला घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी सरकवला, की त्याचा ताण रुंद घोडीवरून पलीकडे पोचायला हवा, तिथं तार सरकायला हवी. खुंटीनं धरायचं, घोडीनं सोडायचं. मला वाटलं, झालं सिद्ध.

त्याच खात्रीनं परवा भाचीची गिटार मांडीवर घेतली. तिच्या गिटारीवर बाराचा, म्हणजे जरा जाड तारांचा, सेट चढवलेला होता, आणि खाचा बहुधा बारीक तारांसाठी कापलेल्या. तिसरी तार ढिली करून खाचेतून उचलली तेव्हा ती चिमट्यातून निघावी तशी निघाली. खाचेच्या भिंतींवर तारेवरच्या वेढ्यांचे बारीक दात उमटले होते. नटाची कानस घरी नव्हती. खाचेपेक्षा किंचित बारीक अशा जुन्या तारेच्या तुकड्यावर सहाशे नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि हलक्या हातानं, डोक्याच्या उताराच्या दिशेनं, भिंती तेवढ्या घासल्या. तळाला हात लावायचा नाही. खाच खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर खरखरते. मग शिसपेन्सिलीचं टोक खरवडून ती काळी पूड खाचेत भरली. नावात शिसं असलं तरी ते ग्रॅफाइट असतं, त्याचे थर एकमेकांवरून सरकतात.

तार चढवली. टिंग गेला. काटा कीबरोबर सावकाश चालू लागला. तेव्हा मी परीक्षा घेतली. नटामागचा मुका भाग बोटानं दाबून सोडला, सूर बघितला. मग वाजणारा भाग ओढून सोडला, सूर बघितला. दुरुस्तीआधी या दोन सुरांत मोठं अंतर होतं, आता फार थोडं उरलं होतं. पण उरलं होतं. पुन्हा घासलं, पुन्हा पूड भरली. अंतर आणखी घटलं, शून्य होईना.

आणि तिथं माझा नियम अडला. साध्या नटावर पुरतं सुटलेलं असं काही नसतंच. खाच कितीही गुळगुळीत केली तरी वळण आहे तोवर थोडं धरणं आहे. मग प्रश्न एवढाच राहतो, की उरलेलं धरणं कुणाच्या बाजूनं आहे?

तार वरून उतरवत सुरावर आणली, तर मुक्या भागातला ताण वाजणाऱ्या भागापेक्षा कमी राहतो. वाजवताना तार जरा ओढली गेली, की ती आधीच पुढे यायला टपलेली असते. ती सरकते आणि सूर उतरतो. तीच तार खालून चढवत आणली, तर मुक्या भागात ताण थोडा जास्त राहतो. आता ओढली तर आधी तो फरक भरून निघायला हवा, मग घर्षण ओलांडायला हवं, तेव्हा कुठे तार सरकणार. शिवाय कीच्या दातांतली ढिलाईही चढत्या पिळात आधीच आवळली जाते. म्हणजे तेच घर्षण एका दिशेनं दगा देतं आणि दुसऱ्या दिशेनं राखण करतं. सर दोषावर पांघरूण घालत नव्हते. जे घालवता येत नाही ते कुठल्या बाजूला ठेवायचं, एवढं ते शिकवत होते.

नटाबाबत मात्र मी हटत नाही. चिमटणारी खाच घासलीच पाहिजे; शिकणाऱ्या पोरीच्या कानावर ओझं टाकून ती तशीच ठेवणं चूक आहे. सवयीनं टिंग जात नाही, तो कानशीनंच जातो. पण कानस जिथं संपते, तिथून पुढे हात बघावा लागतो.

भाचीला मी शेवटी एवढंच सांगितलं, "दिवा हिरवा झाला की थांबू नकोस. तार मागून दाब, पुढून ओढ, आणि मग बघ." तिनं तसं केलं. काटा थोडा उतरला. तिनं तार चांगली उतरवली आणि सावकाश खालून वर आणली. या खेपेला ती दिव्याकडे बघत नव्हती, मान तिरकी करून ऐकत होती.