आधी काय, मग काय
धाकटीला गोष्टीचा क्रम शिकवावा म्हणून मी चार चित्रं काढली. पाऊस पडला, काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, चिऊताईनं बाळाला न्हाऊ घातलं, मग दार उघडलं. ‘लाव बघू!’

तिनं पाऊस लावला, घर वाहवलं अन् लगेच दार उघडलं. आंघोळ शेवटी!

‘चुकलं,’ मी म्हणालो.

‘बाबा, काऊ भिजतोय ना! आंघोळ मग करू दे की.’

आधी काय घडलं हे एक. आधी काय करायला हवं होतं हे दुसरं. बँकेत वीस वर्षं मी ‘जरा थांबा’ म्हणतोय. आधी नोंदी, मग चहा, मग काउंटरपलीकडचा माणूस. क्रम कध्धी चुकला नाही!

चित्रं तिच्याच क्रमानं चिकटवली.