‘आपला’ राजा

सप्टेंबर लागला की राळेगावच्या शिवारात कपाशीला बोंडे धरू लागतात आणि आमच्या मुलांच्या मोबाइलवर हैदराबादचा निजाम अवतरतो. हिरा कागदावर वजन म्हणून ठेवणारा, एके काळी जगातला सर्वांत धनाढ्य गणला गेलेला मीर उस्मान अली खान. त्या चित्रफितींखाली कोणी अभिमानाचे शब्द लिहितो, कोणी शिव्या. मागे एकदा जुम्याची नमाज आटोपल्यावर दहावीत शिकणारा एक मुलगा माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “मौलाना, सतरा सप्टेंबरला आपण आनंद मानायचा की दुःख? राजा तर आपला होता ना?”

उत्तर द्यायला तोंड उघडले आणि दिसले की भिंतीला टेकून बसलेले एक वृद्ध नमाजी तसबीह थांबवून ऐकत आहेत. त्यांचे घराणे पैनगंगेच्या पलीकडचे, नांदेडकडचे. १९४८ च्या सप्टेंबरात त्यांचे वडील मारले गेले. आई दोन लहान मुलांना घेऊन नदी ओलांडून इकडे आली. रझाकारांशी त्या घराचा काडीचाही संबंध नव्हता. मी मुलाला म्हटले, पुढच्या जुम्याला सांगतो. तसे अनेक जुमे निघून गेले. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज लिहीत आहे.

कोणी म्हणेल, राळेगावचा आणि निजामाचा संबंध काय? संबंध आहे. आपला यवतमाळ जिल्हा वऱ्हाडाचा, आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे. १८५३ च्या तहाने तत्कालीन निजामाने ते कंपनी सरकारच्या हवाली केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढे १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या शहजाद्याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे आपल्या पणज्यांनी वेचलेल्या कापसाच्या मुलखाचा शेतसारा इंग्रज घेत होता आणि त्या मुलखाचे भाडे हैदराबादला जात होते. आपल्या पणजोबाला या दोघांपैकी कोणीही काही विचारले नव्हते. मुलूख हवाली झाला, पट्ट्याने गेला, किताबात जडवला गेला. मुलखातला माणूस त्या कागदांत कोठेच नाही. राजेशाही म्हणजे काय, हे मला मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा या एका व्यवहारावरून अधिक कळले.

आता ‘आपला’ या शब्दाकडे वळू. राजा कलमा पढणारा होता, म्हणून आपला. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपलेपणाची जी कसोटी घालून दिली, ती आपण विसरतो. भाऊ अत्याचारी असो वा अत्याचारपीडित, त्याला साहाय्य करा, असे त्यांनी सांगितले. सहाबांनी चकित होऊन विचारले की पीडिताचे साहाय्य समजते, अत्याचाऱ्याचे कसे करावे? त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की त्याला अत्याचारापासून रोखणे हेच त्याचे साहाय्य. बुखारी शरीफमधील ही हदीस आपण बंधुभावाच्या सभेत अर्धीच सांगतो. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये तर श्रद्धावंतांना आज्ञा आहे की न्यायाच्या बाजूने साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा आप्तांविरुद्ध का जाईना. आप्तांच्या या यादीतून राजाला वगळलेले नाही.

निजाम उदार होता, हे खरे आहे. उस्मानिया विद्यापीठ त्याच्या काळात उभे राहिले, बनारसच्या हिंदू विद्यापीठाला त्याने देणगी दिली, पुण्याच्या भांडारकर संस्थेतील अतिथिगृह आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण राज्याची सुमारे एक दशांश जमीन ‘सर्फ-ए-खास’ म्हणून त्याच्या खासगी मालकीची होती, आणि तिच्या उत्पन्नाचा हिशेब त्याला विचारण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. दानशूर असणे वेगळे आणि उत्तरदायी असणे वेगळे. खैरात घेणारा दुवा देतो. हिशेब मागू शकत नाही.

येथे मला, मराठीचा विद्यार्थी म्हणून, एका शब्दापाशी थांबावेसे वाटते. ‘रयत’ हा शब्द शिवकाळापासून मराठीच्या तोंडी आहे. तो अरबीतून आला. राखणदाराने राखायचा कळप म्हणजे ‘रइय्यत’. मदरशात हदीस शिकताना मी तो पहिल्यांदा भेटला तेव्हा गावाकडचा माणूस परमुलखात भेटावा तसा आनंद झाला. प्रेषितांचे (स.) प्रसिद्ध वचन आहे की तुम्हांपैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रयतेविषयी जाब विचारला जाईल. शासकाला, कुटुंबप्रमुखाला, घर सांभाळणाऱ्या स्त्रीला, धन्याचा माल राखणाऱ्या नोकरालाही. जो रयत आहे तोच कोठे ना कोठे राखणदार आहे, आणि जाबातून कोणीही सुटलेला नाही.

त्याच्या शेजारी हैदराबादेतील एक घोषणा ठेवून पाहा. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनने १९३० नंतरच्या काळात एक सिद्धांत मांडला: सत्ता खरी दख्खनच्या मुसलमानांची आहे, निजामाचे तख्त हे तिचे प्रतीक आहे, म्हणून प्रत्येक मुसलमान राजा आहे. घोषवाक्य होते ‘अनल मलिक’, म्हणजे ‘मी राजा आहे’. बिचारा विणकर, टांगेवाला, पन्नास एकरांच्या जहागिरीत राबणारा सालदार. त्याला सांगितले गेले की तू राजा आहेस. पोटाला मिळाले काहीच नाही, मात्र शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर तेवढी बदलली. मला या घोषणेची खरी भीती दुसऱ्याच कारणाने वाटते. बुखारी शरीफमध्ये आहे की कयामतच्या दिवशी अल्लाह पृथ्वीला मुठीत घेईल, आकाशे गुंडाळील, आणि नेमके हेच शब्द उच्चारून विचारील की कोठे आहेत पृथ्वीवरचे राजे? ज्या शब्दांवर केवळ त्याचा अधिकार, ते शब्द आपण एका तख्ताच्या रक्षणासाठी रस्त्यावर ओरडलो.

प्रजासत्ताकाची मागणी करणारे लोक काही वेळा याच चुकीत सापडतात. ‘प्रत्येक जण राजा’ असे लोकशाहीचे वर्णन सभांतून ऐकू येते. मला ते मान्य नाही. सगळेच राजे झाले तर जाब कोण देणार? राजेपण वाटून घेण्यापेक्षा जबाबदारी वाटून घेणे अवघड असते, आणि प्रजासत्ताकाला नैतिक अर्थ आहे तो त्या वाटणीमुळेच.

आपले काही लेखक खुलफा-ए-राशिदीनच्या काळाला सरळ ‘लोकशाही’ म्हणून टाकतात. एवढी घाई नको. तेव्हा मतपेटी नव्हती, पक्ष नव्हते. परंतु जे होते ते राजेशाहीशी जुळत नव्हते, हे निश्चित. ह. अबूबक्र (रजि.) यांनी पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले की मी नीट चाललो तर साहाय्य करा, वाकडा चाललो तर सरळ करा. ह. उमर (रजि.) यांनी मृत्युशय्येवर सहा जणांची सल्लागार समिती नेमली, आपले पुत्र अब्दुल्लाह यांना सल्ल्याला बसू दिले, पण खिलाफतीला अपात्र ठरवले. पुढे यजीदला वारस नेमण्याची वेळ आली तेव्हा ह. अबूबक्र यांचे पुत्र अब्दुर्रहमान यांनी ही रोमच्या सम्राटांची रीत असल्याचे सांगून विरोध केला, अशी नोंद इतिहासग्रंथांत आहे. ह. हुसैन (रजि.) यांचा नकार तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग मुहर्रममध्ये त्या नकारासाठी रडणाऱ्या समाजाने सप्टेंबरात वंशपरंपरेच्या तख्तासाठी हळहळावे, हे कसे जुळते?

एक आक्षेप मात्र मी टाळू शकत नाही, कारण तो मदरशात मीच शिकलो आहे. उलमांनी शतकानुशतके शिकवले की शासकाविरुद्ध उठाव केल्याने फितना माजतो, आणि फितन्यात निरपराधांचे रक्त सांडते. म्हणून सबर करावा. हा भेकडांचा उपदेश नव्हता. रक्तपात पाहिलेल्यांचा होता. पण त्याच उलमांनी ही हदीसही जपून ठेवली की जुलमी सत्ताधाऱ्यासमोर न्यायाचा शब्द उच्चारणे हा श्रेष्ठ जिहाद आहे. तलवार उचलणे आणि शब्द उच्चारणे यांत अंतर आहे, आणि हैदराबादेत आरंभी मागितला गेला तो शब्दच होता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी काय होती? निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. संस्था रीतसर उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. ती बंदी उठायला १९४६ उजाडले. डिसेंबर १९४६ मध्ये दिल्लीच्या संविधान सभेत सार्वभौम गणराज्याचा ठराव मांडला गेला, आणि पुढच्या जूनमध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर मी स्वतंत्र राजा. नम्रपणे सांगणाऱ्यासाठी दार बंद केले की दार तोडणारा येतो. मग फितन्याचे पाप कोणाच्या माथी मारायचे?

ही मागणी करणारे सगळे ‘ते’ होते, असेही नाही. भारताला गणराज्य करण्याची भाषा मौलाना हसरत मोहानी यांनी १९२१ मध्येच अहमदाबादेत केली होती, तीही मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून. आणि हैदराबादेत शोएबुल्लाह खान होते. उस्मानियाचे पदवीधर, पेशाने पत्रकार. ‘रय्यत’ नावाच्या उर्दू पत्रात ते काम करीत. नावाचा योगायोग पाहा. सरकारने ते पत्र बंद पाडले तेव्हा त्यांनी स्वतःचे ‘इमरोज’ काढले. इमरोज म्हणजे ‘आज’. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी हैदराबादने भारतात सामील व्हावे असे निवेदन काढले. त्यांत रझाकारांचे वर्तन न पटल्यामुळे सरकारी नोकरी सोडलेले फरीद मिर्झा होते. हे निवेदन ‘इमरोज’ने छापले. काही दिवसांतच, २१ ऑगस्टच्या रात्री, कचेरीतून घरी जाताना शोएबुल्लाह यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, आणि लिहिणारा हात तोडला. २२ ऑगस्टला त्यांचे प्राण गेले. वय सत्तावीस. मारणारे आणि मरणारा एकाच किब्ल्याकडे तोंड करणारे. मी या लेखकाला आपल्या मदरशाच्या कोणत्याही पुस्तकात भेटलो नाही, बी.ए.च्या वेळी ग्रंथालयात भेटलो, याची मला लाज वाटते.

येथे लेख संपवला असता तर सोपे झाले असते. पण भिंतीला टेकून बसलेले ते वृद्ध मला दिसतात.

१३ सप्टेंबरला सैन्य शिरले, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर, विशेषतः उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांवर जे ओढवले, त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्लाह मिसरी यांना पाठवले. त्यांच्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली होती. रझाकारांचे आधीचे अत्याचार त्यांनी झाकले नाहीत, आणि मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही.

तर मग शोएबुल्लाह यांची मागणी चुकीची ठरली काय? मला तसे वाटत नाही. निरपराध विणकराला मारणाऱ्याने गणराज्यासाठी मारले नाही. सूड म्हणून, लुटीसाठी, जमिनीसाठी मारले. परंतु एवढे म्हणून गणराज्याच्या बाजूच्या माणसाची सुटका होत नाही. एखाद्या लोकसमूहाचे वैर तुम्हाला अन्यायास प्रवृत्त न करो, अशी आज्ञा सूरह माइदामध्ये आहे. ती जिंकणाऱ्याला अधिक लागू पडते. ज्याने राजाकडे हिशेब मागितला, त्याने स्वतःच्या विजयाचा हिशेब दडवला तर त्याच्यात आणि राजात फरक उरतो तो किती? त्या तीन माणसांनी हिशेब लिहिला, म्हणून माझ्या लेखी तेही शोएबुल्लाह यांच्याच पंक्तीतले.

आणि राजाचे काय झाले? नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याने भारताचे संविधान हैदराबादला लागू करण्याचे फर्मान काढले. २६ जानेवारी १९५० रोजी तो राजप्रमुख झाला, १९५६ मध्ये राज्याची फाळणी होईपर्यंत त्या पदावर राहिला, तनखा घेत राहिला, आणि १९६७ मध्ये आपल्या महालात वारला. लातूरचे वकील कासिम रझवी काही वर्षे तुरुंगात राहून पाकिस्तानला गेले. ज्यांना ‘तू राजा आहेस’ असे सांगितले होते ते मात्र विहिरींत आणि शेतांत पडून राहिले. राजा ‘आपला’ असता तर त्या विहिरींपाशी येऊन बसला असता.

हे सारे लिहून झाल्यावर मी त्या वृद्धांकडे गेलो आणि काय लिहिले ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या अखबारवाल्याचे लिहा, मौलाना. माझ्या अब्बांचेही लिहा. पण एकाचे नाव घेऊन दुसऱ्याचे तोंड बंद करू नका.” अंक छापून आला की मला त्यांना तो वाचून दाखवावा लागेल, त्यांना आता अक्षरे दिसत नाहीत. तो मुलगा पुढच्या शिक्षणासाठी वर्ध्याला आहे. दर सुटीला येतो आणि नमाजनंतर थोडा वेळ थांबतो.